टर्मिनलची सेटिंग फाईल बदलूनही बदल दिसत नाही: लक्षणे, तपासण्या आणि कुठे थांबावे

टर्मिनल, म्हणजे संगणकाला लिखित आज्ञा देण्याची खिडकी; तिच्या सेटिंग फाईलमध्ये अक्षरांचा आकार १२ चा १६ केला, फाईल जतन केली, टर्मिनल पुन्हा उघडले आणि अक्षरे होती तेवढीच राहिली, ही तक्रार माझ्याकडे इतक्या वेळा आली आहे की समोरच्याने स्क्रीन दाखवण्याआधीच मी दोन-तीन ठरलेले प्रश्न विचारतो. विचारणाऱ्यांत हिंजवडी-खराडीच्या कंपन्यांत काम करणारे मित्र असतात, तशी कर्वेनगरला खोली घेऊन राहणारी अभियांत्रिकीची मुलेही असतात. कोणाकडे अलाक्रिटी असते, कोणाकडे किटी, वेझटर्म किंवा विंडोज टर्मिनल. दोष मात्र त्याच तीन-चार जागी सापडतो. लिहिलेले मूल्य सहसा बरोबरच असते. टर्मिनल ती फाईल वाचतच नसते, किंवा वाचून अख्खी नाकारते, किंवा वाचून झाल्यावर दुसरेच कोणी तिच्यावर मात करते. असे असताना लोक मूल्य बदलत राहतात, १६ चे १८ आणि १८ चे २० करतात, म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. म्हणून पुढील तपासण्यांचा क्रम असा ठेवला आहे की फाईल वाचली जाते की नाही हे आधी सिद्ध व्हावे आणि तिच्यातील मजकुराकडे त्यानंतर वळावे.

या लेखात आज्ञा, फाईलींची नावे आणि आकडे देवनागरीत लिहिले आहेत. प्रत्यक्षात ते सर्व रोमन लिपीत आणि इंग्रजी अंकांतच टंकावे लागतात, आणि ही सूचना केवळ उपचार नाही हे पुढे दिसेल.

लक्षणे

आपले लक्षण यांपैकी नेमके कोणते, हे आधी ठरवावे, कारण त्यावरून अर्ध्या तपासण्या गाळता येतात.

- कोणताही बदल केला तरी काहीच फरक पडत नाही. बहुधा टर्मिनल दुसरीच फाईल वाचत आहे, किंवा आपण दुसऱ्याच टर्मिनलसमोर बसलो आहोत.
- एक ओळ बदलली आणि रंग, फॉन्ट, सगळेच मूळ पदावर गेले. बहुधा फाईलमध्ये व्याकरणाची चूक आहे आणि टर्मिनलने ती पूर्ण नाकारली आहे.
- काही बदल लागू होतात, काही होत नाहीत. ओळ चुकीच्या विभागात आहे, किंवा खाली आलेली दुसरी ओळ तिच्यावर मात करते, किंवा त्या सेटिंगला पूर्ण बंद करून उघडणे लागते.
- उघडताना क्षणभर योग्य रंग दिसतात आणि लगेच बदलतात. येथे टर्मिनल निर्दोष असून शेल, म्हणजे टर्मिनलच्या आत आज्ञा वाचून चालवणारा कार्यक्रम, दोषी आहे.
- मेनूतून उघडले तर एक रूप, आज्ञा देऊन उघडले तर दुसरे.
- टीमक्सच्या (एकाच खिडकीत अनेक सत्रे चालवणाऱ्या कार्यक्रमाच्या) आत किंवा दूरच्या सर्व्हरवर गेल्यावरच बिघडते. बॅकस्पेस दाबल्यावर अक्षर पुसले जाण्याऐवजी मोकळी जागा उमटते, किंवा टर्मिनलचा प्रकार अज्ञात असल्याचा संदेश येतो.
- आज सगळे ठीक चालते, उद्या लॉगिन केले की ये रे माझ्या मागल्या.

पहिली तपासणी: जतन, पूर्ण बंद आणि पुन्हा सुरुवात

काहीही करण्याआधी फाईलची एक प्रत वेगळ्या नावाने ठेवावी. त्यानंतर संपादकात फाईल खरोखर जतन झाली आहे का ते पाहावे आणि टर्मिनलच्या सगळ्या खिडक्या बंद करून ते नव्याने उघडावे. हे फुकटचे काम आहे, तरी लोक ते टाळतात, कारण आपले टर्मिनल बदल आपोआप उचलते असे त्यांनी कुठेतरी वाचलेले असते. ते अर्धसत्य आहे. अलाक्रिटी आणि वेझटर्म फाईलवर लक्ष ठेवून बहुतेक बदल लगेच लागू करतात, पण खिडकीचा सुरुवातीचा आकार यांसारख्या गोष्टी खिडकी जन्माला येतानाच ठरतात. किटीला कंट्रोल, शिफ्ट आणि एफ५ दाबून फाईल पुन्हा वाचायला सांगावे लागते. तिथेही पार्श्वभूमीची पारदर्शकता चालू खिडकीत बदलायची असेल, तर त्यासाठीची वेगळी परवानगी फाईलमध्ये आधीपासून दिलेली असावी लागते. एक्सटर्मच्या बाबतीत एक्सरिसोर्सेस फाईल बदलून भागत नाही, एक्सआरडीबी ही आज्ञा चालवून ती पुन्हा चढवावी लागते.

टीमक्स वापरणाऱ्यांनी विशेष काळजी घ्यावी. टीमक्सचा सर्व्हर खिडकी बंद केली तरी मागे चालूच राहतो आणि स्वतःची सेटिंग फाईल तो सुरू होतानाच वाचतो. त्यामुळे दहा वेळा टर्मिनल बंद करून उघडले तरी टीमक्स जुन्याच समजुतीवर चालत राहते. त्याला सोर्स-फाईल ही आज्ञा द्यावी, किंवा आत चाललेली कामे आवरून किल-सर्व्हरने तो पूर्ण थांबवावा.

दुसरी तपासणी: आपण नेमके कोणत्या टर्मिनलमध्ये आहोत

हा प्रश्न विचारला की लोक जरा दुखावतात, पण उत्तर वारंवार अनपेक्षित निघते. उबुंटूत कंट्रोल, ऑल्ट आणि टी दाबून जे उघडते ते प्रणालीने ठरवलेले टर्मिनल असते. आपण हौसेने बसवलेले अलाक्रिटी ते असेलच असे नाही. ते ग्नोम टर्मिनल असेल तर त्याला हाताने लिहायची मजकूर फाईलच नसते, त्याची माहिती डीकॉन्फ नावाच्या साठ्यात राहते. व्हीएस कोडच्या तळाशी उघडणारे टर्मिनल हे व्हीएस कोडचे अंग आहे, त्यामुळे त्याचा फॉन्ट व्हीएस कोडच्याच सेटिंगमधून येतो. अलाक्रिटीची फाईल कितीही सजवली तरी त्याला तिचा पत्ता नसतो.

खात्री करण्यासाठी पर्यावरणातील चले, म्हणजे कार्यक्रमांना सुरू होताना मिळणारी नावे आणि त्यांची मूल्ये, पाहावीत. ईएनव्ही ही आज्ञा दिल्यावर येणाऱ्या यादीत किटी, अलाक्रिटी किंवा वेझटर्म या नावाने सुरू होणारी चले दिसतात. विंडोज टर्मिनल असेल तर डब्ल्यूटी-सेशन दिसते आणि व्हीएस कोड असेल तर टर्म-प्रोग्रॅम या चलात त्याचे नाव असते. मात्र एका टर्मिनलमधून दुसरे उघडले असेल, तर पहिल्याची चले दुसऱ्यात वारशाने येतात. म्हणून ही पाहणी मेनूतून ताज्या उघडलेल्या खिडकीतच करावी.

तिसरी तपासणी: फाईल वाचली जाते का

ही या लेखातील सर्वांत महत्त्वाची तपासणी आहे आणि तिला एक मिनिटही लागत नाही. फाईलच्या अगदी पहिल्या ओळीवर हेतुपुरस्सर निरर्थक मजकूर लिहावा, उदाहरणार्थ तीन-चार उघडे कंस, आणि टर्मिनल नव्याने उघडावे. अलाक्रिटी खिडकीच्या तळाशी लाल पट्टी दाखवते, वेझटर्म काय चुकले ते वेगळ्या खिडकीत दाखवते आणि विंडोज टर्मिनल संवाद-चौकट पुढे करते. अशी तक्रार आली, तर फाईल वाचली जात आहे. निरर्थक ओळ काढून चौथ्या तपासणीकडे जावे. टर्मिनल मात्र काहीच न बोलता निमूटपणे उघडले, तर ते या फाईलकडे बघतही नाही, आणि तिच्यात पुढे काहीही लिहिणे व्यर्थ आहे. किटी अनोळखी ओळ सोडून पुढे जाते, म्हणून तिथे निरर्थक ओळीपेक्षा अक्षरांचा आकार एकदम ४० करून पाहणे बरे. किटीमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एफ६ दाबल्यास कोणत्या फाईली वाचल्या आणि मूळ मूल्यांपेक्षा काय वेगळे आहे, याचा पूर्ण अहवालच समोर येतो. अलाक्रिटीला डॅश-व्ही हा पर्याय देऊन दुसऱ्या टर्मिनलमधून सुरू केले, की कोणती सेटिंग फाईल उचलली ते छापले जाते.

फाईल वाचली जात नसेल, तर कारणे ठरावीक असतात.

पहिले कारण जुने स्वरूप. अलाक्रिटीची फाईल पूर्वी यॅमल स्वरूपात असे. डिसेंबर २०२३ मध्ये आलेल्या ०.१३ या आवृत्तीपासून ती टॉमल स्वरूपात गेली. आंतरजालावर आजही जुन्या यॅमल फाईली पडून आहेत, लोक त्या उचलतात, पण नवे टर्मिनल त्या नीट वापरेलच असे नाही. अलाक्रिटीसोबतच मायग्रेट नावाची उपआज्ञा येते. जुनी फाईल जागेवर ठेवून ती चालवावी, म्हणजे रूपांतर होते. हाताने भाषांतर करत बसू नये. याच आज्ञेचा दुसरा उपयोग असा की टॉमल आल्यानंतरही काही ओळींच्या जागा बदलल्या आहेत. दुसरी फाईल आत घेणारी ओळ आता जनरल विभागात गेली आहे आणि शेल ठरवणारी ओळ टर्मिनल विभागात, आणि हेही स्थलांतर ती करून देते.

दुसरे कारण नाव आणि जागा. लिनक्सवर बहुतेक टर्मिनले होम फोल्डरातील डॉट-कॉन्फिग या लपलेल्या फोल्डरात स्वतःच्या नावाचे उपफोल्डर शोधतात. वेझटर्मची फाईल तिथेही चालते आणि थेट होम फोल्डरात, नावाआधी टिंब देऊनही चालते. दोन्हीकडे ठेवल्यास वाचली जाते एकच, आणि आपण नेमकी दुसरी बदलत बसतो. विंडोजवर नोटपॅडने नावाच्या शेवटी गुपचूप टीएक्सटी जोडलेले असते आणि एक्सप्लोरर ते लपवतो, त्यामुळे नाव डोळ्यांना बरोबर दिसते. एक्सप्लोररमध्ये फाईलच्या नावाचे शेपूट दाखवण्याचा पर्याय चालू करून ते एकदा पाहावे. टर्मिनल फ्लॅटपॅक या कार्यक्रम बसवण्याच्या पद्धतीने बसवले असेल, तर ते डॉट-व्हार फोल्डराच्या आतील स्वतःच्या जागेत शोधते.

तिसरे कारण आपल्याकडच्या कंपन्यांत फार आढळते, म्हणून ते सविस्तर लिहितो. लॅपटॉप विंडोजचा, त्यावर डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत लिनक्स चालवण्याची सोय) आणि त्यात उबुंटू, अशी मांडणी असते. माणूस दिवसभर उबुंटूच्या शेलमध्ये वावरतो, त्यामुळे सेटिंग फाईलही उबुंटूच्या होम फोल्डरातच असणार असे तो धरून चालतो. प्रत्यक्षात खिडकी काढणारा कार्यक्रम विंडोजवर चालत असतो आणि त्याची फाईल विंडोजच्या बाजूला असते: विंडोजवरील अलाक्रिटीची ॲपडेटाच्या रोमिंग फोल्डरात, तर विंडोज टर्मिनलची ॲपडेटाच्या लोकल फोल्डरात, पॅकेजेसच्या आत, सेटिंग्ज-डॉट-जेसॉन या नावाने. ती शोधत फिरण्यापेक्षा विंडोज टर्मिनलमध्येच कंट्रोल, शिफ्ट आणि स्वल्पविराम दाबावा, म्हणजे खरी फाईल संपादकात उघडते. प्रीव्ह्यू आवृत्तीही बसवलेली असेल, तर तिची फाईल वेगळी असते.

चौथे कारण मेनू आणि आज्ञा यांतील फरकाचे आहे. सेटिंगचे फोल्डर कुठे आहे ते सांगणारे एक्सडीजी-कॉन्फिग-होम हे चल शेलच्या सुरुवातीच्या बॅशआरसी किंवा झेडएसएचआरसी फाईलमध्ये ठरवलेले असेल, तर ते शेल सुरू झाल्यावर अस्तित्वात येते. मेनूतून किंवा मॅकच्या डॉकमधून उघडलेल्या टर्मिनलला ते जन्मतः माहीत नसते, म्हणून ते नेहमीच्या जागी शोधते. सोपा इलाज म्हणजे फाईल नेहमीच्याच जागी ठेवणे.

याच ओघात फाईलची लांबी आणि मालकी पाहून घ्यावी. एलएस डॅश-एल या आज्ञेने दोन्ही दिसतात. जतन करण्याच्या क्षणी वीज गेली आणि संगणकाला यूपीएस नसला, तर फाईल शून्य बाइटची होऊन बसलेली सापडू शकते. मालक म्हणून रूट, म्हणजे प्रशासक, दिसत असेल, तर कोणीतरी सुडो ही प्रशासकाचे अधिकार देणारी आज्ञा लावून ती लिहिली आहे आणि पुढच्या वेळी आपल्याला ती जतन करता येणार नाही. होम फोल्डरातील सेटिंग फाईलसाठी सुडो कधीही लागत नाही.

चौथी तपासणी: फाईलचे व्याकरण

फाईल वाचली जाते हे आता ठाऊक आहे, म्हणून मजकुराकडे वळायला हरकत नाही. सर्वांत आधी अवतरणचिन्हे पाहावीत. व्हॉट्सॲपवर आलेला तुकडा मुळात आयफोनवर टंकलेला असेल किंवा वर्डमधून उचललेला असेल, तर सरळ अवतरणांच्या जागी वळणदार अवतरणे आलेली असतात, आणि टॉमल, जेसॉन वा लुआ यांपैकी कोणालाच ती चालत नाहीत. मराठी कळफलक वापरणाऱ्यांनी आकडेही पाहावेत. कळफलक मराठीवर राहिला आणि आकार देवनागरी १६ असा पडला, तर माणसाला त्यात काहीच वावगे दिसत नाही, पण फाईल वाचणारा कार्यक्रम त्याला आकडा मानत नाही आणि अख्खी फाईल फेटाळतो. संशयित ओळ पुसून कळफलक इंग्रजीवर नेऊन ती पुन्हा टंकणे हा खात्रीचा मार्ग. डोळ्यांनी फरक शोधत बसू नये.

टॉमलचा एक नियम अनेकांना चकवतो. चौकटी कंसात विभागाचे नाव आले, की पुढचा कंस येईपर्यंतची प्रत्येक ओळ त्याच विभागाची समजली जाते. मधली मोकळी ओळ विभाग संपवत नाही. एका विद्यार्थ्याच्या फाईलमध्ये मी हे जवळून पाहिले. त्याने खिडकीची पारदर्शकता ०.९ अशी अगदी शेवटी, वर दोन ओळी मोकळ्या सोडून, नेटकेपणाने लिहिली होती. पण त्या मोकळ्या ओळींच्या वर ठळक फॉन्टचा विभाग होता, म्हणून अलाक्रिटीच्या दृष्टीने ती ठळक फॉन्टची पारदर्शकता ठरली, आणि तसली गोष्ट अस्तित्वात नाही. तळाशी पिवळ्या पट्टीत ही नोंद वापरात नसल्याचा इशारा येत होता, पण तो तिला सवयीने बंद करत होता. ओळ वर नेऊन विंडो विभागात ठेवताच काम झाले. याच्या उलट चूक म्हणजे एकच विभाग दोनदा उघडणे. विंडो विभाग वर असताना खाली पुन्हा त्याच नावाचा कंस लिहिला, तर टॉमलच्या नियमांनुसार ती थेट चूक आहे, आणि मग एका ओळीपायी सगळी फाईल बाद होते.

विंडोजवरील मार्ग लिहिताना उलट्या तिरप्या रेषा घात करतात. टॉमलमध्ये दुहेरी अवतरणांत उलटी रेषा म्हणजे विशेष चिन्हाची सुरुवात. तिच्यापुढे युझर्स या नावाचे मोठे यू आले, की टॉमल पुढे आठ षोडशमान अंकांची वाट पाहते आणि ते न मिळाल्याने थांबते. असा मार्ग एकेरी अवतरणांत लिहावा. जेसॉनमध्ये ती सोय नसल्याने प्रत्येक उलटी रेषा दोनदा लिहावी लागते.

किटीचे व्याकरण निराळे आहे. तिथे नाव आणि मूल्य यांत फक्त मोकळी जागा असते, बरोबरचे चिन्ह नसते, आणि टिप्पणीचे हॅश चिन्ह ओळीचे पहिलेच अक्षर असेल तरच टिप्पणी मानले जाते. ओळीच्या शेवटी आपल्या आठवणीसाठी लिहिलेली टीप मूल्याचाच भाग होते. वेझटर्मची फाईल म्हणजे लुआ भाषेतील छोटा कार्यक्रम आहे. शेवटी रिटर्न लिहून सेटिंगचा तक्ता परत दिला नाही, तर वरचे सगळे लिखाण वाया जाते.

पाचवी तपासणी: कोणाची ओळ शेवटी लागू होते

फाईल वाचली जाते, व्याकरण शुद्ध आहे, तरी रंग बदलत नाहीत, अशा वेळी आत घेतलेल्या इतर फाईली पाहाव्यात. येथे टर्मिनलांचे नियम परस्परविरुद्ध आहेत, आणि एकावरून दुसऱ्याचा अंदाज बांधणे महागात पडते. अलाक्रिटी आत घेतलेली फाईल आधी वाचते आणि मुख्य फाईल नंतर, त्यामुळे मुख्य फाईलमधील ओळ जिंकते. किटीत मात्र दुसरी फाईल जिथे समाविष्ट केली त्याच जागी वाचली जाते आणि जे शेवटी येते ते टिकते. किटीच्या थीम निवडणाऱ्या साधनाने थीमची ओळ फाईलच्या शेवटी घातलेली असेल, तर वर हाताने लिहिलेला पार्श्वभूमीचा रंग कधीच दिसणार नाही; तो थीमच्या खाली न्यावा. विंडोज टर्मिनलमध्ये सर्व प्रोफाईलांसाठीच्या समान सेटिंगवर त्या-त्या प्रोफाईलची स्वतःची ओळ मात करते.

सहावी तपासणी: फॉन्ट आणि देवनागरी

फॉन्टचे नाव चुकले तर लिनक्सवरील फॉन्ट-व्यवस्था सहसा तक्रार करत नाही, ती जवळचा दुसरा फॉन्ट देऊन मोकळी होते. एफसी-मॅच या आज्ञेला आपण लिहिलेले नाव द्यावे आणि उत्तरात तेच नाव येते का ते पाहावे. दुसरे आले, तर एफसी-लिस्टच्या यादीतून नाव जसेच्या तसे उचलावे. फॉन्ट नुकताच बसवला असेल तर एफसी-कॅश चालवावे.

देवनागरीबद्दल मात्र स्पष्ट सांगतो. टर्मिनल मजकूर समान रुंदीच्या चौकोनांत मांडते, तर जोडाक्षरे आणि वेलांट्या जुळवण्यासाठी अक्षरांना आकार देणारी वेगळी यंत्रणा लागते. अलाक्रिटीत ती यंत्रणाच नाही, त्यामुळे ‘क्षत्रिय’ हा शब्द तिथे फुटला, तर त्यावर सेटिंग फाईलमध्ये उपाय शोधू नये. किटी हार्फबझ ही आकार देणारी यंत्रणा वापरते आणि देवनागरीच्या संकेतांकांना, म्हणजे ०९०० ते ०९७एफ या पट्ट्याला, नोटो सान्स देवनागरीसारखा ठरावीक फॉन्ट जोडून देण्याची सोयही तिच्यात आहे. तरीही छापील पानासारखी अपेक्षा ठेवू नये.

सातवी तपासणी: शेल, टीमक्स आणि टर्म हे चल

रंग क्षणभर योग्य दिसून बदलत असतील, तर शेलच्या सुरुवातीच्या फाईलमधील एखादी ओळ टर्मिनलला नवे रंग पाठवत असते. वॉलपेपरवरून रंग काढणारी साधने हेच करतात. पडताळणीसाठी टर्मिनल अशा रीतीने सुरू करावे की बॅशने कोणतीही सुरुवातीची फाईल वाचू नये, म्हणजे बॅशला नो-प्रोफाईल आणि नो-आरसी हे दोन्ही पर्याय द्यावेत; झेडशेलसाठी डॅश-एफ पुरते. आता रंग टिकले, तर दोष शेलच्या फाईलमध्ये आहे आणि टर्मिनलच्या फाईलला हात लावण्याचे कारण उरत नाही. प्रॉम्प्टचे रूप आणि लघुआज्ञाही शेलच ठरवतो, त्यांच्यासाठी टर्मिनलची फाईल धुंडाळू नये.

टीमक्सच्या आत रंग फिके दिसत असतील, तर टीमक्सच्या फाईलमधील डीफॉल्ट-टर्मिनल या सेटिंगचे मूल्य टीमक्स-२५६कलर आहे का ते पाहावे. टर्मिनलचा प्रकार सांगणारे टर्म हे चल शेलच्या फाईलमध्ये जबरदस्तीने ठरवण्याची पद्धत फार पसरली आहे आणि ती मला अजिबात मान्य नाही, कारण त्यामुळे टीमक्सच्या आत आणि बाहेर एकच खोटी ओळख सांगितली जाते आणि कार्यक्रम चुकीच्या संज्ञा पाठवतात. दूरच्या सर्व्हरवर टर्मिनलचा प्रकार अज्ञात असेल, तर आपल्या यंत्रावरील वर्णन इन्फोकम्प या आज्ञेने काढून सर्व्हरवर टिक या आज्ञेने बसवावे; ते आपल्या होम फोल्डरात बसते, रूटचे अधिकार लागत नाहीत. किटीत हे काम तिचा स्वतःचा एसएसएच किटन करतो.

आठवी तपासणी: अर्धी फाईल आणि एसट्रेस

येथपर्यंत दोष सापडला नसेल तर फाईल बाजूला ठेवून फक्त एका सेटिंगची नवी फाईल करावी. ती चालली, तर जुन्या फाईलचा अर्धा भाग तिच्यात आणावा, मग उरलेल्याचा अर्धा, असे करत दोषी ओळ गाठावी. टॉमलमध्ये तुकडा विभागाच्या सीमेवरच तोडावा, नाहीतर नवी चूक तयार होते. ती एका ओळीची फाईलही चालली नाही, तर लिनक्सवर एसट्रेस या पाळत ठेवणाऱ्या साधनाखाली टर्मिनल सुरू करून त्याने कोणत्या फाईली उघडण्याचा प्रयत्न केला ते पाहावे. येणारा मजकूर भयंकर लांब असतो. त्यातून टर्मिनलचे नाव असलेल्या ओळी गाळून घेतल्या, की कोणता मार्ग तपासला आणि कुठे फाईल नसल्याचे उत्तर मिळाले ते दिसते. हे काम वेळखाऊ आहे, म्हणून सर्वांत शेवटी.

कुठे थांबावे आणि कोणाला बोलवावे

लॅपटॉप कंपनीचा असेल आणि प्रत्येक लॉगिननंतर फाईल पूर्ववत होत असेल, तर थांबावे. विंडोजवर ॲपडेटाचा रोमिंग भाग कंपनीच्या सर्व्हरवरून पुन्हा उतरवला जात असण्याची शक्यता असते, आणि ते धोरण ठरवणाऱ्यांनाच बदलता येते. फाईल केवळ-वाचनीय करणे किंवा रजिस्ट्रीत हात घालणे हे उपाय सुचवणारे सहकारी भेटतात. त्यांचे ऐकू नये, आयटी विभागाकडे तिकीट टाकावे. कॉलेजच्या प्रयोगशाळेतील संगणक लॉगआउट होताच स्वच्छ होत असतील, तर तेही मुद्दाम केलेले असते. प्रयोगशाळेच्या व्यवस्थापकाला विचारावे.

दूरच्या सर्व्हरवर होम फोल्डरातही लिहिता येत नसेल, तर टर्मिनलचे वर्णन बसवण्याचे काम त्या सर्व्हरच्या प्रशासकाचे आहे. तोवर त्या एका सत्रापुरते टर्म हे चल एक्सटर्म-२५६कलर ठेवून काम भागवणे क्षम्य आहे.

अलाक्रिटी किंवा किटी उघडतच नसेल आणि संदेशात ओपनजीएल या चित्रण-व्यवस्थेचा उल्लेख असेल, तर सेटिंग फाईल निर्दोष समजावी. लिनक्सवर एलआयबीजीएल-ऑलवेज-सॉफ्टवेअर हे चल १ ठेवून टर्मिनल सुरू करावे. तसे ते उघडले, तर ग्राफिक्स ड्रायव्हरचा प्रश्न आहे, आणि ड्रायव्हर बदलण्याचा अनुभव नसेल तर जाणकाराच्या देखरेखीशिवाय ते करू नये, कारण त्यात पूर्ण डेस्कटॉप काळा पडू शकतो. स्क्रीनवर पट्टे किंवा ठिपके इतर कार्यक्रमांतही दिसत असतील, तर तो यंत्राचा दोष आहे. वॉरंटी शिल्लक असताना लॅपटॉप पुण्याच्या तपकीर गल्लीतील दुकानात उघडायला देण्याआधी अधिकृत सेवा केंद्राला दाखवावा.

मदत मागताना टर्मिनलचे नाव आणि आवृत्ती, कार्यप्रणाली, सेटिंग फाईलचा पूर्ण मार्ग, निरर्थक ओळीच्या चाचणीत काय झाले आणि पट्टीत आलेला संदेश जसाच्या तसा, एवढे सोबत द्यावे. शेलच्या सुरुवातीच्या फाईली जोडण्याआधी मात्र त्या एकदा वाचून काढाव्यात, कारण त्यांत पासवर्ड आणि टोकन ठेवण्याची सवय अनेकांना असते, आणि तशा ओळी पाठवण्यापूर्वी काढून टाकल्या पाहिजेत.